पेशीय श्वसनाचं पान मुलांना वाचायला कसं शिकवावं

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग १' हा धडा आला की बऱ्याच वर्गांत ठरलेला क्रम चालतो. बाई किंवा सर पेशीय श्वसनाचं, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा काढतात त्या प्रक्रियेचं, समीकरण फळ्यावर लिहितात, ग्लायकोलायसिस, क्रेब चक्र आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी ही तीन नावं मांडतात, प्रत्येक नावाखाली दोन-दोन ओळी सांगतात आणि वहीत उतरवून घ्यायला लावतात. चाचणीत मुलं ते बरोबर लिहितातही. पण त्याच मुलांना विचारून बघा, झाडं श्वसन कधी करतात? खरं तर ती दिवसरात्र करतात, पण 'रात्री' हे उत्तर हमखास येतं, आणि सोबत पिंपळाखाली झोपू नये हा आजीचा सल्लाही येतो.

याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. मुलांनी पान वाचलेलंच नसतं. त्यांनी ऐकलेलं असतं ते तुमचं बोलणं आणि पाठ केलेलं असतं ते गाईडमधलं उत्तर. म्हणून धडा समजावून देण्याऐवजी तो वाचून घेण्याची ही एक रीत. चार-पाच तासिका लागतात. नववी-दहावीला चालते, अकरावीला तर जास्तच उपयोगी पडते, कारण तिथे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांपुढे एकदम इंग्रजी पुस्तक येतं.

पहिली पायरी: पुस्तक बंद, प्रश्न उघडा

पहिल्या तासाला पुस्तक काढूच देऊ नका. फळ्यावर एवढंच लिहा: 'एका माणसाची १० किलो चरबी कमी झाली. ती गेली कुठं?'

प्रत्येकाने वहीत एका ओळीत अंदाज लिहायचा. घामातून गेली, उष्णता झाली, स्नायू झाले, पोटातून बाहेर पडली, अशी सगळी उत्तरं येतील. ती फळ्यावर मांडा. चूक-बरोबर काहीही बोलू नका, चेहऱ्यावरही दाखवू नका. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

खरं उत्तर तुमच्याजवळ असू द्या. त्या १० किलोंतले साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे जातात आणि उरलेल्या १.६ किलोंचं पाणी होतं. हा हिशेब २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. लेखकांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम शिकवणारे यांनाही हाच प्रश्न विचारला होता. त्यांतल्याही बहुतेकांनी चरबीची ऊर्जा किंवा उष्णता होते असंच सांगितलं होतं. मुलांना हे चौथ्या पायरीनंतर सांगायचं, आत्ता नाही.

दुसरी पायरी: मटकीच्या तीन बरण्या

वाचण्याआधी डोळ्यांसमोर काहीतरी घडलेलं असावं. त्यासाठी मोड आलेली मटकी सगळ्यात सोयीची.

आदल्या दिवशी चुन्याची निवळी करून ठेवा. खायच्या पानाचा चुना एक चमचा, पाणी अर्धा लिटर, नीट ढवळून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओतून बूच घट्ट लावायचं. उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच तिच्यावर पापुद्रा धरतो.

रुंद तोंडाच्या तीन सारख्या बरण्या घ्या. पहिलीत निम्म्यापर्यंत मोड आलेली मटकी, दुसरीत तेवढीच पण उकडून गार केलेली, तिसरी रिकामी. प्रत्येकीत निवळीने अर्धी भरलेली छोटी बाटली उभी ठेवा आणि झाकणं घट्ट लावा. पहिल्या तासाला मांडणी केली तर शाळा सुटायच्या आत पहिल्या बरणीतली निवळी कार्बन डायऑक्साइडमुळे पांढुरकी झालेली दिसते.

बरण्या त्याच दिवशी बघा. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवल्या तर उकडलेल्या मटकीवर जिवाणू वाढतात, तेही श्वसन करतात आणि दुसरी बरणीसुद्धा दुधाळ होते. मग 'मेलेलं बीसुद्धा श्वसन करतं' असा निष्कर्ष वर्ग काढतो आणि तुम्ही अर्धा तास खुलासा करत बसता. वर्ग चांगला तयारीचा असेल तर मात्र बरण्या मुद्दाम ठेवाव्यात. तो खुलासा मुलांनाच करू द्यावा.

शेवटी एक प्रश्न विचारून सोडून द्या: मटकीला ना नाक ना फुप्फुस, मग हा वायू आला कुठून? श्वासोच्छ्वास म्हणजेच श्वसन हा गैरसमज इथेच सैल होतो.

तिसरी पायरी: एका वाक्यापाशी थांबा

आता पुस्तक उघडायचं, पण लगेच वाचायला लावायचं नाही. तीन-चार मिनिटं नुसतं पान बघायचं. शीर्षकं कोणती, आकृती कुठे आहे, आकृतीत बाण किती, कोणता बाण आत जातो, कोणता बाहेर येतो. विज्ञानाचं पान गोष्टीसारखं वरून खाली सरळ वाचून भागत नाही. परिच्छेदातून आकृतीत आणि आकृतीतून परत परिच्छेदात असं जा-ये करावं लागतं, आणि ही सवय कुणीतरी करून दाखवावी लागते.

त्यानंतर तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा आणि वाचताना मनात जे येतं तेही मोठ्यानेच बोला. माझ्या मते या सगळ्या रीतीत महत्त्वाचा भाग हाच, म्हणून त्याला निम्मी तासिका द्यावी. उदाहरणादाखल पुस्तकी वळणाचं एक वाक्य घेऊ (एटीपी म्हणजे पेशी ज्यात वापरायची ऊर्जा साठवते तो रेणू):

'पेशीद्रव्यात ग्लुकोजच्या एका रेणूचे विघटन होऊन पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात व मुक्त झालेल्या ऊर्जेपैकी काही एटीपीच्या स्वरूपात साठवली जाते.'

वर्गासमोर साधारण असं बोलायचं: "पेशीद्रव्यात. बरं, म्हणजे हे तंतुकणिकेच्या, पेशीतल्या ऊर्जाघराच्या, बाहेर चाललंय. विघटन होऊन. कोण करतं विघटन? वाक्यात कुणाचं नाव नाही. विकरं, म्हणजे एन्झाइम, करत असणार, समासात लिहून ठेवते. एका झटक्यात होतं का? 'होऊन' या एका शब्दात किती पायऱ्या दडल्यात कळत नाही, इथे प्रश्नचिन्ह. ग्लुकोजमध्ये कार्बन सहा, पायरुविक आम्लात तीन. दोन रेणू म्हणजे सहा. जुळलं, म्हणजे कार्बन अजून बाहेर पडलेला नाही. ऊर्जेपैकी काही. काही? मग बाकीची कुठे गेली?"

त्या 'काही'पाशी थांबा. पुढे धावू नका. वाचताना बहुतेकांचे डोळे अशा शब्दांवरून घसरतात आणि धड्याचा अर्धा अर्थ तिथेच असतो. ग्लुकोजमधली बरीचशी ऊर्जा अजून त्या दोन पायरुविक आम्लांतच आहे, थोडी एनएडीएच या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूकडे गेली, थोडी उष्णता झाली. पुढची दोन पानं का लिहावी लागली हे त्या एका शब्दाने कळतं. आणि विघटनाच्या पायऱ्या दहा आहेत, हे कुणी विचारलं तर सांगा, पण पाठ करायला लावू नका.

दहा पायऱ्यांची फोड करण्यामागे गुस्ताव एम्बडेन, ओटो मायरहॉफ आणि याकुब पार्नास यांचं काम आहे. क्रेब चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली मांडलं, १९५३ साली त्यांना नोबेल मिळालं. ही नावं ओघात येऊ द्या, त्यांच्यावर रिकाम्या जागा भरा काढू नका.

चौथी पायरी: पेन्सिल आणि कार्बनचा जमाखर्च

पुढचा मजकूर मुलांनी जोडीजोडीने वाचायचा. हातात पेन्सिल, हायलायटर नाही. हायलायटर दिला की अख्खं पान पिवळं होतं आणि वाचल्याचं समाधान मिळतं. खुणा तीनच: जागा सांगणाऱ्या शब्दाभोवती गोल, आत जाणाऱ्या किंवा बाहेर पडणाऱ्या पदार्थाखाली रेघ, आणि न कळलेल्या ठिकाणी समासात प्रश्नचिन्ह. शाळेची पुस्तकं पुढच्या वर्गाला द्यायची असतील तर पानाची झेरॉक्स काढा.

सोबत वहीत एक तक्ता आखायला सांगा, वाण्याच्या खतावणीसारखा. रकाने चार: टप्पा कुठे घडतो, हातात किती कार्बन आहेत, किती कार्बन डायऑक्साइड होऊन गेले, आणि एटीपी, एनएडीएच वगैरे काय मिळालं. सुरुवातीला जमा सहा कार्बन. ग्लायकोलायसिसनंतर तीन अधिक तीन, खर्च शून्य. पायरुविक आम्ल तंतुकणिकेत शिरून त्याचं ॲसिटिल को-एन्झाइम ए होतं तेव्हा दोन गेले, चार उरले. क्रेब चक्रात उरलेले चारही गेले. शिल्लक शून्य.

इथे वर्गात गडबड होते आणि ती व्हायलाच हवी. कार्बन संपले, कार्बन डायऑक्साइडचे सहाही रेणू बाहेर पडले, आणि ऑक्सिजन अजून आलेलाच नाही! चुकलं का कुठे? मुलं मागे जाऊन पान पुन्हा वाचतात. कुणीही न सांगता दुसऱ्यांदा वाचतात, हेच आपल्याला हवं असतं. ऑक्सिजन येतो अगदी शेवटी, इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या टोकाला, इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन स्वीकारायला, आणि त्याचं पाणी होतं. आपण आत घेतलेला ऑक्सिजनच कार्बनला चिकटून बाहेर पडतो, असं समीकरण बघून वाटतं. जमाखर्च मांडला की हा समज तिथल्या तिथे मोडतो.

आता पहिल्या दिवशीचा चरबीचा प्रश्न काढा आणि अंदाज तपासू द्या. चरबीतले कार्बनही शेवटी असेच कार्बन डायऑक्साइड होऊन जातात.

एटीपीच्या आकड्यावरून वाद होईल. एका ग्लुकोजपासून ३८ असं बऱ्याच पुस्तकांत असतं, अलीकडच्या पुस्तकांत ३० ते ३२. जुना हिशेब एका एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएच-टू या तशाच दुसऱ्या वाहक रेणूमागे २ एटीपी असा पूर्णांकांत धरलेला होता. आता तो सुमारे २.५ आणि १.५ धरतात. परीक्षेत आपल्या पुस्तकातला आकडा लिहा असं स्पष्ट सांगा, पण दोन पुस्तकांत दोन आकडे का, हे लपवू नका.

पाचवी पायरी: पुस्तक मिटून सांगा

जोडीतल्या एकाने पुस्तक मिटायचं आणि दुसऱ्याला एक टप्पा सांगायचा. अट एकच: 'होऊन', 'केले जाते' असले शब्द वापरायचे नाहीत. कोण, कुठे, कशाचं काय करतं ते सांगायचं. ऐकणाऱ्याने एक तरी प्रश्न विचारायचा. दहा मिनिटं पुरतात. तुम्ही फक्त बाकांमधून फिरा आणि कुठे अडतंय ते ऐका.

सहावी पायरी: पुस्तकाबाहेरचा एक उतारा

वाचायची रीत अंगवळणी पडली का, हे न शिकवलेल्या मजकुरावरच कळतं. दीडशे-दोनशे शब्दांचा उतारा तुम्हीच लिहा. मला डायनायट्रोफिनॉलची हकिकत यासाठी फार उपयोगी वाटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांना भयंकर घाम यायचा, ताप चढायचा, वजन उतरायचं, काही जण दगावले. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वजन उतरवण्यासाठी त्याचा वापर मांडला आणि ते झपाट्याने खपलं. मोतीबिंदू झाले, मृत्यू झाले, आणि १९३८ साली तिथे ते माणसांसाठी अत्यंत धोकादायक ठरवलं गेलं. त्याने तंतुकणिकेचं आतलं पटल गळकं होतं: अन्नाचं ऑक्सिडीकरण जोरात चालू राहतं, पण एटीपी बनण्याऐवजी उष्णता निघते. दहावीला एवढंच पुरे. अकरावीला पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनच्या फरकातून एटीपी बनतं ही पीटर मिचेल यांची १९६१ सालची कल्पना जोडता येते.

उताऱ्यावर प्रश्न दोनच द्या. ताप का चढला? आणि या माणसाचा श्वास जोरात का चालेल? उत्तराबरोबर उताऱ्यातली आणि पाठ्यपुस्तकातली एकेक आधाराची ओळ दाखवायचीच. हे रसायन आजही चोरून विकलं जातं आणि त्याने माणसं मरतात, हेही वर्गात स्वच्छ शब्दांत सांगा. व्यायामशाळेत जाणारी मुलं समोर बसलेली असतात.

तपासणी

चाचणीत व्याख्या आणि फरक स्पष्ट करा असतीलच. त्यांत हा एक प्रश्न घाला: 'पूर्ण वाढ झालेल्या लाल रक्तपेशीत तंतुकणिका नसतात. ती ऑक्सिजन वाहून नेते. तो ती स्वतः वापरते का? तिला ऊर्जा कुठून मिळते?'

ज्याने तक्ता मन लावून भरलाय त्याला पहिला रकाना आठवतो: ग्लायकोलायसिस पेशीद्रव्यात होतं, त्याला तंतुकणिका लागत नाही, ऑक्सिजनही लागत नाही. त्यामुळे उत्तर निघतं की ती ऑक्सिजन वापरत नाही आणि ग्लुकोजच्या विघटनातून मिळणाऱ्या दोन एटीपींवर भागवते. पायरुविक आम्लाचं पुढे लॅक्टिक आम्ल होतं, हे कुणी लिहिलं तर वरचा एक गुण द्या. 'ती श्वसनच करत नाही' असं कुणी लिहिलं तर लगेच फुली मारू नका. पेपर परत देताना पुस्तक उघडून, ते कुठल्या ओळीवरून लिहिलं हे दाखवायला सांगा. बऱ्याचदा तो मुलगा ऑक्सिश्वसनाची ओळ दाखवतो, आणि मग त्याच्या शेजारच्या विनॉक्सिश्वसनाच्या, म्हणजे ऑक्सिजनशिवाय होणाऱ्या श्वसनाच्या, परिच्छेदावर बोट ठेवणं एवढंच आपलं काम उरतं.