‘टू गो’ की ‘गोइंग’? ‘-ायला’ने होणारी चूक कशी टाळायची

मराठीत ‘-ायला’ सगळीकडे चालतं: जायला आवडतं, जायला सांगितलं, जायला निघालो. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपन्यांत मुलाखतीला जाणारी मुलं आणि परदेशी ग्राहकांना मेल लिहिणारे निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष निर्यातदार इथेच अडकतात. दिसेल त्या ‘-ायला’ला ते ‘टू’ लावतात. इंग्रजीत मात्र पुढचं रूप आधीच्या शब्दावर ठरतं.

आधी बघा, मागे इन, अ‍ॅट, फॉर, अबाउट, विदाउट असा शब्द आहे का. असेल तर क्रियापदाचं आयएनजी (‘-इंग’) रूपच: ‘आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन लर्निंग’. फसवं आहे ते ‘लुक फॉरवर्ड टू’. ‘वुई लुक फॉरवर्ड टू रिसीव्ह युवर ऑर्डर’ चूक, ‘रिसीव्हिंग’ बरोबर. शंका आली की ‘टू’नंतर नुसतं नाम ठेवून पाहा. ‘लुक फॉरवर्ड टू युवर ऑर्डर’ जमतं, म्हणून आयएनजी. ‘वॉन्ट टू युवर ऑर्डर’ जमत नाही, म्हणून तिथे ‘वॉन्ट टू रिसीव्ह’.

मागे क्रियापद असेल तर पाठांतराला पर्याय नाही. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, सजेस्ट, माइंड, कीप यांच्यानंतर आयएनजी: ‘वुई फिनिश प्रूनिंग इन ऑक्टोबर’. वॉन्ट, डिसाइड, होप, प्रॉमिस, अ‍ॅग्री, रिफ्यूज यांच्यानंतर टू. ‘ही सजेस्टेड टू गो’ सर्रास ऐकू येतं. हवं ‘ही सजेस्टेड गोइंग’. वहीत नुसतं ‘अव्हॉइड’ लिहू नका, ‘अव्हॉइड डुइंग’ अशी जोडी लिहा, म्हणजे बोलताना जोडीच तोंडात येते.

काही क्रियापदांना दोन्ही रूपं चालतात, पण अर्थ बदलतो. इथे मराठी खरोखर मदतीला येते. ‘व्हॉल्व्ह बंद करायचं लक्षात ठेव’ म्हणजे ‘रिमेंबर टू क्लोज द व्हॉल्व्ह’. काम अजून व्हायचंय. ‘व्हॉल्व्ह बंद केल्याचं आठवतं’ म्हणजे ‘आय रिमेंबर क्लोजिंग द व्हॉल्व्ह’, काम झालंय. मनात ‘केल्याचं’ आलं की आयएनजी, ‘करायचं’ आलं की टू. ‘चहा प्यायला थांबलो’ हे ‘स्टॉप्ड टू ड्रिंक टी’, तर ‘चहा पिणं बंद केलं’ हे ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. ‘ट्राय’चंही तसंच: ‘उघडायचा प्रयत्न कर’ला ‘ट्राय टू ओपन इट’, पण पंप सुरू होत नसेल आणि ‘फ्यूज बदलून बघ’ म्हणायचं असेल तर ‘ट्राय चेंजिंग द फ्यूज’.

‘करायला लावलं’ला तर दोन्ही नकोत. ‘त्यांनी मला थांबायला लावलं’ म्हणजे ‘दे मेड मी वेट’. ‘लेट’नंतरही मूळ क्रियापदच.

लाइक, लव्ह, स्टार्ट, बिगिन यांना कोणतंही रूप चालतं, तिथे वेळ घालवू नका. फक्त ‘वुड लाइक’नंतर टू हवंच: मुलाखतीत ‘आय वुड लाइक जॉइनिंग’ नाही, ‘आय वुड लाइक टू जॉइन’.