केतुबेचा आकार ठरवताना: आधी मजकूर, मग सह्या, भिंत सगळ्यांत शेवटी

केतुबा म्हणजे ज्यू लग्नाचा करारनामा. लग्नाआधी त्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात, हुप्प्याखाली म्हणजे विधीच्या छताखाली ती मोठ्याने वाचतात आणि वधूच्या हाती देतात. पुढे बऱ्याच घरांत ती फ्रेम होऊन भिंतीवर लागते. म्हणजे एकच कागद आधी दस्तऐवज असतो आणि नंतर चित्र. आकार ठरवताना लोक भिंत मोजायला जातात आणि दस्तऐवज विसरतात. मग चित्राची चौकट सुंदर येते, पण सहीला जेमतेम चार सेंटिमीटरची रेघ उरते.

म्हणून हिशेब आतून बाहेर करावा. आधी मजकूर, मग सह्यांची जागा, मग चित्र, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), फ्रेम आणि सगळ्यात शेवटी भिंत.

मजकुराला किती जागा लागते

पहिलं काम रब्बींकडून म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडून अंतिम मजकूर मिळवायचं. पारंपरिक अरामी (हिब्रूच्या जवळची प्राचीन भाषा, लिपी तीच) मजकूर, समसमान जबाबदाऱ्यांचा आधुनिक मजकूर, अरामी किंवा हिब्रूच्या जोडीला दुसरी भाषा, यांत लांबीचा फरक दुपटीहून जास्त पडू शकतो. मजकूर हाती येण्याआधी आकार पक्का करणं म्हणजे अंदाजपंचे कारभार.

मजकुरातली अक्षरं मोकळ्या जागांसकट मोजा. समजा अरामी मजकूर १,१०० अक्षरांचा आहे. चौकोनी हिब्रू लिपीत ४ मिमी उंचीच्या अक्षराला शेजारच्या फटीसह सरासरी ३.६ मिमी रुंदी लागते आणि दोन ओळींमधलं अंतर साधारण ९ मिमी धरावं लागतं. १,१०० गुणिले ३.६ म्हणजे ३,९६० मिमी. ओळ २२ सेंमीची ठेवली तर १८ ओळी होतात आणि मजकुराचा ठोकळा २२ × १६ सेंमीचा बनतो. अक्षर ३ मिमीचं केलं तर रुंदी २.७ मिमीवर आणि ओळींचं अंतर पावणेसात मिमीच्या आसपास येतं. हातात धरून वाचायला ३ मिमी पुरतात. भिंतीवरून दीड मीटरवर वाचता यावं असं वाटत असेल तर ५ मिमीच्या खाली जाऊ नका. ती इच्छा खरंच आहे का, हेही स्वतःला विचारा. भिंतीवरच्या केतुबेतला मजकूर कोणी ओळीने वाचत बसत नाही, आणि ५ मिमी अक्षरांची किंमत पूर्ण कागद मोठा करून मोजावी लागते.

आता हाच मजकूर ए३ कागदावर (२९.७ × ४२ सेंमी) बसवून बघा. चारही बाजूंनी अडीच सेंमी कोरा कागद सोडला आणि आत ५ सेंमी रुंदीची चित्राची पट्टी घेतली, तर मध्ये १४.७ × २७ सेंमी जागा उरते. ४ मिमी अक्षरांत इथे २७ ओळी होतात, म्हणजे २४ सेंमीहून अधिक उंची. सह्यांना तीन सेंमीसुद्धा उरत नाहीत. ३ मिमी अक्षरांत २१ ओळी, सुमारे १४ सेंमी. मग काम भागतं, पण एकाच भाषेत. दुसरी भाषा हवी असेल तर ए३ सोडून द्या. चित्राची पट्टी अडीच सेंमीवर आणून जागा काढता येते, पण मग सजावटीची केतुबा करून घेण्याचा मुद्दाच उरत नाही.

४० × ५० सेंमी कागदावर त्याच कोऱ्या कडा आणि तीच पट्टी धरून मध्ये २५ × ३५ सेंमी मिळतात. ४ मिमीचा अरामी ठोकळा, सह्या आणि खाली दुसऱ्या भाषेतला १,४०० अक्षरांपर्यंतचा मजकूर, असं सगळं सुटसुटीत बसतं. बहुतेक जोडप्यांनी इथूनच सुरुवात करावी.

दोन्ही भाषा शेजारी शेजारी हव्या असतील तर उभा कागद चालत नाही. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून तिचा स्तंभ उजवीकडे आणि दुसऱ्या भाषेचा डावीकडे घेतात, म्हणजे दोन्ही मजकूर एकमेकांना आरशासारखे समोर येतात. त्यासाठी ६० × ४५ सेंमीचा आडवा किंवा ५५ सेंमीचा चौरस कागद लागतो. ओळींच्या कडा जुळवण्यासाठी लेखनिक दालेत, हे, लामेद, रेश, ताव ही अक्षरं आडवी ताणतात. ओळीच्या शेवटी रिकामी जागा सोडायची नसते, कारण तिथे नंतर शब्द घालता येईल. ओळ फार अरुंद केली की अशी ताणलेली अक्षरं जागोजागी येतात आणि पान विस्कळीत दिसतं. ओळीत सरासरी पन्नासहून कमी अक्षरं येऊ लागली की हा त्रास सुरू होतो.

सह्यांची जागा

पारंपरिक केतुबेवर दोन साक्षीदार सह्या करतात. सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या) परंपरेत अनेक ठिकाणी नवराही करतो. आधुनिक मजकुरांखाली वधू, वर, दोन साक्षीदार आणि रब्बी अशा पाच रेघा असणं नेहमीचं आहे. प्रत्येक सहीला किमान ७ सेंमी रुंदी आणि दीड सेंमी उंची द्या. साक्षीदार बहुधा हिब्रूत ‘अमुक बेन तमुक’ (तमुकचा मुलगा अमुक) आणि पुढे ‘एद’ म्हणजे साक्षीदार, असं लिहितो. ही सही नुसत्या नावाहून लांब होते, आणि तिचा सराव नसलेला माणूस मोठ्या अक्षरांत लिहितो.

जागेइतकंच सह्यांचं ठिकाण महत्त्वाचं. दस्तऐवजांबद्दलचा तलमुदातला (ज्यू धर्मनियमांचा प्राचीन ग्रंथ, त्यातला बावा बात्रा हा भाग) नियम असा की मजकूर आणि साक्षीदारांच्या सह्या यांच्यात दोन ओळींचं रिकामं अंतर राहिलं तर दस्तऐवज बाद ठरतो. त्या जागेत नंतर कोणीही काहीही घुसडू शकतो. म्हणून एकाखाली एक अशा द्विभाषिक मांडणीत क्रम असा हवा: अरामी मजकूर, लगेच खाली साक्षीदार, त्याखाली दुसरी भाषा, आणि तळाशी वधू, वर व रब्बी. सगळ्या सह्या तळाशी नेल्या की पान नेटकं दिसतं, पण परंपरा काटेकोर पाळणारे रब्बी अशी केतुबा परत पाठवतील. सह्यांच्या वर वेलबुट्टीची जाड पट्टी टाकण्याआधीही रब्बींना विचारा.

काही ठिकाणी ‘वेकनीना’ (करार पक्का केल्याचं सांगणारा शब्द) या शब्दातल्या कोफ या हिब्रू अक्षराचा पाय आधी अर्धवट ठेवतात आणि सह्यांच्या वेळी पूर्ण करतात. तुमच्याकडे ही पद्धत असेल तर ती ओळ कागदाच्या कडेपासून हाताच्या टप्प्यात हवी. ६० × ७५ सेंमीच्या कागदावर मधल्या ओळीपर्यंत पोचायचं तर माणसाचा पूर्ण हात चित्रावर टेकतो. अशा वेळी मनगटाखाली कोरा, स्वच्छ कागद ठेवा आणि तो सरकवू नका, उचलून हलवा. टेबल कागदापेक्षा चारही बाजूंनी २० सेंमी मोठं असावं. पेन ०.५ ते ०.८ मिमी टोकाचं, न पुसणाऱ्या रंगद्रव्याच्या शाईचं. त्याची चाचणी त्याच कागदाच्या तुकड्यावर आधीच करून ठेवा.

कागद, माउंट, फ्रेम

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण ‘चाळीस बाय पन्नास’ म्हणताना कोणी कागद म्हणतं, कोणी चित्राचा भाग, कोणी फ्रेमची बाहेरची कडा. मागणी नोंदवताना तीनही मापं वेगवेगळी लिहून घ्या.

४० × ५० सेंमी कागदाचं उदाहरण धरा. माउंट कागदाच्या कडा प्रत्येक बाजूने अर्धा सेंमी झाकतो, म्हणून माउंटमधली कापलेली खिडकी ३९ × ४९. दिसणारा माउंट ७ सेंमीचा घेतला तर ५३ × ६३. फ्रेमच्या आतली खाच काचेच्या कडा प्रत्येकी ६ मिमी झाकते, म्हणून काच ५४.२ × ६४.२ सेंमी कापायची. फ्रेमची पट्टी ३ सेंमी रुंद असेल तर भिंतीवर ५९ × ६९ सेंमी जागा जाते. म्हणजे कागदाच्या जवळपास दुप्पट क्षेत्रफळ. ६० × ७५ सेंमीचा कागद ८ सेंमी माउंटसह याच हिशेबाने ८१ × ९६ सेंमीवर जातो, आणि ही फ्रेम दारातून नेतानाच जाणवते.

वजनही पाहा. २ मिमी काच चौरस मीटरला ५ किलो भरते, ३ मिमी साडेसात किलो, आणि ३ मिमी ॲक्रिलिक ३.६ किलो. पहिल्या उदाहरणात नुसती काच पावणेदोन किलोची. दुसऱ्यात ३ मिमी काच पाच किलोच्या वर जाते, तिथे ॲक्रिलिक शहाणपणाचं. फक्त पेस्टल किंवा सुटणारा रंग असेल तर ॲक्रिलिक नको, त्याच्या स्थिर विद्युतभारामुळे रंगाचे कण वर खेचले जातात. दोन्हींत अतिनील किरण अडवणारा प्रकार घ्या.

कागदाच्या कडांना अडीच सेंमी कोरी जागा मी वर धरली, ती माउंटसाठी आणि हाताळण्यासाठी. चित्र कडेपर्यंत नेलं की माउंट त्याचा भाग झाकतो, आणि तळाच्या सह्या कडेला असतील तर त्याही. कडा हाताने बनवलेल्या कागदासारख्या खडबडीत असून त्या दिसायला हव्या असतील तर कागद माउंटवर तरंगता लावतात. मग खिडकी कागदाहून प्रत्येक बाजूने सव्वा सेंमी मोठी ठेवायची. पेपरकट म्हणजे कातरकामाच्या केतुबेला सावली पडायला खोली लागते: काच आणि कागद यांत ६ ते १० मिमी फट, एकूण फ्रेम तीन सेंमी खोल. शिवाय कातरकाम फार लहान करता येत नाही. २ मिमीहून बारीक जोड वाहतुकीतच तुटतात, म्हणून या प्रकाराला ४५ × ६० सेंमीच्या खाली जाऊ नये.

चर्मपत्र घेणार असाल तर लक्षात ठेवा की ते हवेतल्या ओलाव्याने आकसतं आणि फुगतं. जितका तुकडा मोठा तितकी लाट जास्त. १७व्या-१८व्या शतकातल्या इटालियन केतुबा मोठ्या चर्मपत्रांवर केलेल्या दिसतात, पण त्या गुंडाळून ठेवल्या जात, काचेमागे सपाट ताणलेल्या नव्हत्या. भिंतीसाठी मोठा आकार हवा असेल तर आम्लविरहित सुती कागद, ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर, हाच बरा.

लग्नाच्या दिवशी

लग्न दूरच्या गावी असेल तर आकार प्रवासानेही ठरतो. विमानात हातातली बॅग बहुतेक ठिकाणी ५५ × ४० सेंमीच्या आसपास चालते. सपाट फाइलमध्ये ए३ नीट बसतो, ४० × ५० अगदी काठावर. त्याहून मोठा कागद १० सेंमी आतल्या व्यासाच्या नळीत, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा आणि समारंभाच्या आदल्या दिवशी सपाट करून दाबून ठेवा. कातरकाम, सोन्याचा वर्ख आणि जाड रंग गुंडाळू नका.

हुप्प्याखाली ६० सेंमीचा कागद एका माणसाला धरून वाचता येत नाही. वाचणाऱ्याला साधी मजकुराची प्रत द्या आणि मूळ केतुबा स्टँडवर ठेवा. आधी फ्रेम करून आणणं मात्र टाळा, सही काचेवर होत नाही. सह्या झाल्यावर शाई निदान एक दिवस उघड्यावर वाळू द्या.

भिंतीवरची जागा तपासायला वर्तमानपत्रातून फ्रेमच्या बाहेरच्या मापाचा आयत कापून चिकटवा. मध्यबिंदू जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर, खाली बैठक असेल तर फ्रेमची खालची कडा तिच्यापासून १५ ते २५ सेंमी वर. अनेक जोडपी केतुबा दिवाणखान्यात न लावता झोपायच्या खोलीत लावतात; तिथे अंतर कमी असल्याने ४० × ५० भरपूर दिसते. थेट ऊन आणि ओलसर बाहेरची भिंत दोन्ही टाळा.

फ्रेममध्ये घालण्याआधी पूर्ण आकारात, ३०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. हलाखानुसार म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार जोडप्याने केतुबेशिवाय एकत्र राहायचं नसतं; मूळ हरवली किंवा खराब झाली तर बदली केतुबा करावी लागते, आणि तेव्हा तारीख, ठिकाण, नावं हे सगळं रब्बींना त्या स्कॅनवरून मिळतं. ए३हून मोठा कागद घरच्या किंवा कार्यालयातल्या स्कॅनरवर सहसा येत नाही, तो मोठ्या सपाट स्कॅनरवर न्यावा लागतो किंवा दोन बाजूंनी समान प्रकाश टाकून छायाचित्र काढावं लागतं. म्हणून ए३हून मोठा आकार निवडण्याआधी ही सोय कुठे आहे ते बघून ठेवा.