भोंग्याचे जुने स्पीकर घरी जुळवताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात पुन्हा तेच झालं. एक तरुण मुलगा फडक्यात गुंडाळून ऑल्टेक कंपनीचा ८०६ ड्रायव्हर (भोंग्याच्या मागे बसणारा, आवाज काढणारा भाग) घेऊन आला. "काका, एकच सेकंद लावला होता हो." मागचं झाकण काढून पाहिलं. अॅल्युमिनियमचा तो कागदासारखा घुमट, म्हणजे थरथरून आवाज काढणारा डायफ्रॅम, कडेला उभा फाटलेला, आणि पावणेदोन इंची व्हॉइस कॉइलची (डायफ्रॅमला हलवणाऱ्या गुंडाळीची) तार सुटून गॅपमध्ये, म्हणजे मॅग्नेटमधल्या अरुंद फटीत, अडकलेली. त्याने दोन अॅम्प्लिफायर आणि मध्ये इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर (बास आणि वरचे सूर वेगळे करणारं यंत्र) लावला होता. पिना उलटसुलट खोचल्या गेल्या, बास थेट भोंग्यात गेला, आणि त्या एका सेकंदात काम तमाम झालं.

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता खरंच जीव तुटतो. भोंग्याची जी खालची मर्यादा असते, तिच्या खाली डायफ्रॅमवरचा हवेचा भार नाहीसा होतो. या ड्रायव्हरबरोबरचा ऑल्टेकचा ८११बी भोंगा ८०० हर्ट्झपासून वर वापरायचा. त्यात ६० हर्ट्झचा ठोका गेला की डायफ्रॅमला धरून ठेवणारं काहीच उरत नाही आणि तो समोरच्या फेज प्लगवर (डायफ्रॅमपुढे बसवलेल्या घट्ट तुकड्यावर) जाऊन आपटतो. अॅम्प्लिफायर चालू करताना होणारा 'धप्'सुद्धा पुरेसा असतो.

म्हणून माझी सवय सांगतो. ड्रायव्हर हातात आला की आधी त्याच्या टर्मिनलवर सिरीजमध्ये बासला अडवणारा कपॅसिटर जोडायचा, गाणं नंतर. हिशोब सोपा आहे: १,५९,००० ला ओहम आणि हर्ट्झच्या गुणाकाराने भागायचं, उत्तर मायक्रोफॅरडमध्ये येतं. क्रॉसओव्हर ८०० हर्ट्झला असेल तर मी कपॅसिटर २०० हर्ट्झसाठी धरतो, म्हणजे १६ ओहमच्या ड्रायव्हरला साधारण ५०, आणि ८ ओहमच्या ड्रायव्हरला १००. पॉलिप्रॉपिलीनचाच घ्यायचा. "कपॅसिटरने आवाजातली जान जाते" असं सांगणारे भेटतील. त्यांना आधी जुन्या डायफ्रॅमची जोडी शोधून आणायला सांगा. बाजारात मिळणारे नवे पर्यायी डायफ्रॅम बसतात, पण माझ्या कानाला तो मूळचा आवाज त्यांतून आजवर मिळालेला नाही.

दुसरी चूक कोपऱ्याची. पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप गावी क्लिप्शहॉर्न, म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा भोंग्याचा मोठा स्पीकर, विकायला सुरुवात केली. त्याचा प्लॅन मिळवून लोक महिनाभर प्लायवूड कापतात आणि तयार झालेलं कपाट हॉलच्या मधोमध ठेवतात. मग म्हणतात, बास कुठे आहे? बास त्या दोन भिंतींत आहे! ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. मोकळ्यावर तिच्यासाठी भोंग्याचं तोंड जवळजवळ पावणेसहा चौरस मीटर लागेल, म्हणजे खोलीची अख्खी भिंतच. दोन भिंती आणि जमीन मिळून कोपरा ते काम आठव्या हिश्श्यात भागवतो, पाऊण चौरस मीटरच्या आत. भोंग्याचा शेवटचा तुकडा म्हणजे तुमच्या घराचा कोपरा. तो काटकोनात हवा, भिंत पक्की हवी, आणि कपाटाची कड भिंतीला फोमची पट्टी लावून हवाबंद हवी. कोपऱ्यात दार किंवा बाल्कनीची सरकती काच असेल तर क्लिप्शहॉर्नच्या वाटेला जाऊ नका. क्लिप्श यांचाच ला स्काला स्पीकर करा, त्याला कोपरा लागत नाही.

कपाटाचे सांधे तपासायला मी ५० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावतो आणि ओला हात प्रत्येक सांध्यावरून फिरवतो. फट असेल तिथे बोटाला गार फुंकर लागते. घाई करणारे ही पाच मिनिटं हमखास वाचवतात आणि पुढे वर्षभर वूफर (बास वाजवणारा स्पीकर) बदलत बसतात.

पार्टिकल बोर्ड वापरू नका. आपल्याकडच्या एका पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि स्क्रू पकड सोडतात. १८ मिलीमीटरचं मरीन प्लाय घ्या.

जेबीएल कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची बाजू, उलटी असते. लाल टर्मिनलला प्लस दिला की कोन आत जातो.

भोंगा वूफरच्या मानाने पुढेमागे किती ठेवायचा, हे अंदाजाने ठरवू नका. ८०० हर्ट्झची लाट फक्त ४२ सेंटिमीटरची, त्यामुळे २१ सेंटिमीटर चुकलं की दोघं एकमेकांना खोडतात. मी भोंग्याच्या वायरी मुद्दाम उलट्या करतो, बसायच्या जागी बसून ८०० चा टोन ऐकतो आणि आवाज सर्वांत जास्त बुडेल तिथवर भोंगा कुणाकडून तरी सरकवून घेतो. मग वायरी पुन्हा सुलट करतो.

८११बी वर बोटाने टिचकी मारा, घंटेसारखा टण्ण वाजतो. बाहेरून बिट्युमेनची पट्टी चिकटवा, आतून काहीही लावू नका.

आणि अॅल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूच्या) मॅग्नेटचा ड्रायव्हर 'साफ करायला' पूर्ण खोलू नका. डायफ्रॅम काढलात तर तिथेच थांबा. मॅग्नेट पोलपासून सुटा केला की त्याची काही चुंबकशक्ती जाते आणि नुसतं परत बसवून ती येत नाही. गॅपमध्ये लोखंडाची भुकटी दिसली तर जाड कागदाच्या पट्टीवर दुहेरी चिकटपट्टी लावून गॅपमधून हळूहळू फिरवा. पहिल्या फेरीत पट्टी काळी निघते. ती स्वच्छ निघेपर्यंत फिरवत राहा, आणि ज्या टेबलावर तुम्ही लोखंड कापता त्या टेबलावर हे काम करू नका.