परदेशाचा खर्च डाळ मिलमध्ये घालायचा असेल तर

एजंट, व्हिसा, तिकीट यांवर जाणारा पैसा गावातच लावायचं ठरवलं असेल, तर मराठवाड्यात तुरीइतका हाताशी असलेला कच्चा माल क्वचितच मिळेल. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राची पांढरी बीडीएन ७११ आणि लाल बीडीएन ७१६ ही तुरीची वाणं आपल्याच शिवारात पिकतात. मात्र लातूरच्या मोठ्या मिलशी भावात टक्कर घेऊ नका. पहिला हंगाम मजुरीवर काढा: तूर शेतकऱ्याची, भरडाई तुमची. भांडवल अडकत नाही आणि हात बसतो.

जानेवारीत तूर येते, ऊन मेपर्यंत टिकतं; काम त्याच महिन्यांत. आधी माल चाळून खडे, काडी काढा. मग दाण्याची निदान दोन आकारांत प्रतवारी करा. घाईत हीच पायरी टाळली जाते आणि नुकसान इथेच होतं. मिलमध्ये दाणा घासणाऱ्या रोलरची फट एकच असते, त्यामुळे मोठा दाणा घासून चुरी होतो आणि बारीक कोराच बाहेर पडतो.

रोलरच्या पहिल्या फेरीत टरफलावर फक्त ओरखडा उठू द्या. क्विंटलला ३०० ते ५०० ग्रॅम खाद्यतेल चोळून रात्रभर ढीग ठेवा. टरफल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो. तेल ओरखड्यातून आत शिरतं, ऊन तो थर सैल करतं. दोन-तीन दिवस पसरून वाळवा, संध्याकाळी झाकायला विसरू नका. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला तर वाळला. चेपला तर अजून एक ऊन द्या. ओली तूर रोलरला लावली की टरफल चिकटून राहतं आणि डाळ तुटते.

क्विंटलमागे ७० ते ७५ किलो डाळ पडायला हवी. प्रत्येक लॉटचं वजन वहीत लिहा. चुरी आणि टरफल कोणाचं, हे माल उतरवण्याआधीच बोलून घ्या. भांडणं त्यावरूनच होतात.

शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवू नका. यंत्राची ऑर्डर देण्याआधी महावितरणकडे औद्योगिक थ्री फेजचा अर्ज टाका. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. किमान १० टक्के स्वतःचे लागतात. अर्जाआधी योजनेची चालू मुदत तपासा. अनुदान कर्जाशी जोडलेलं असतं, हातात रोख येत नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी तूर विकत घ्यायची असेल तर खेळतं भांडवल वेगळं हवं: क्विंटलला ७,००० धरले तरी ५० क्विंटलला साडेतीन लाख. हा आकडा जमेपर्यंत मजुरीच सुरू ठेवा.