वर्क अँड हॉलिडे व्हिसा संपत आला? ऑस्ट्रेलियात पुढे कायदेशीर कसं राहावं

ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (सबक्लास ४६२), म्हणजे वर्षभर राहून फिरण्याचा आणि काम करण्याचा व्हिसा, भारतीयांसाठी २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला १,००० जागा, त्याही सोडतीतून. एवढ्या नशिबाने हाती आलेलं वर्ष संपत आलं की आणखी राहावंसं वाटतं, आणि अर्ज मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. पुढे राहण्याचे बहुतेक मार्ग हातातला व्हिसा चालू असेपर्यंतच मोकळे असतात. त्यामुळे तो संपण्याच्या चार महिने आधी तयारीला लागा.

आधी तारीख पक्की करा

व्हिसा मंजुरीच्या पत्रात ‘मस्ट नॉट अराइव्ह आफ्टर’ अशी एक तारीख असते. ती देशात पहिलं पाऊल ठेवण्याची मुदत. तुमचे १२ महिने मोजायचे ते पहिल्या प्रवेशाच्या दिवसापासून. मध्ये दिवाळीला तीन आठवडे घरी येऊन गेलात तरी ते दिवस वाढवून मिळत नाहीत. खरी तारीख सरकारच्या ‘वीवो’ या ऑनलाइन सेवेत दिसते. पासपोर्ट क्रमांक आणि मंजुरी क्रमांक टाका, आलेल्या पानाची पीडीएफ काढून ठेवा आणि त्याच पानावरच्या अटी वाचा. ८५०३ ही ‘नो फर्दर स्टे’ अट दिसली तर देशात राहून बहुतेक व्हिसांसाठी अर्ज करता येत नाही.

पासपोर्टची मुदतही याच वेळी पाहा. नवा पासपोर्ट घेतलात तर त्याचा क्रमांक इमिअकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसा अर्जाच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, लगेच कळवा. नाहीतर वीवो जुनाच क्रमांक धरून बसतं आणि नोकरी देणारा तुमचा व्हिसा तपासायला गेला की त्याला काहीच सापडत नाही.

ब्रिजिंग व्हिसा नेमका काय करतो

व्हिसा चालू असताना देशातूनच दुसऱ्या व्हिसाचा वैध अर्ज केला की साधारणपणे ब्रिजिंग व्हिसा ए मिळतो. तो जुना व्हिसा संपेपर्यंत झोपलेला असतो, संपला की जागा होतो आणि निकाल लागेपर्यंत तुम्हाला कायदेशीर ठेवतो. लोक इथे तीन ठिकाणी ठेचकाळतात.

पहिली ठेच प्रवासाची. ब्रिजिंग ए वर देशाबाहेर गेलात की तो संपतो आणि परतीचा दरवाजा बंद. घरी लग्न असेल, कुणी आजारी असेल, तर निघण्यापूर्वी ब्रिजिंग बी मागावा लागतो. त्याचा अर्ज निदान दोन आठवडे आधी करा.

दुसरी ठेच कामाची. ४६२ वर एका मालकाकडे जास्तीत जास्त सहा महिनेच काम करता येतं (अट ८५४७). हे मोजमाप ब्रिजिंग व्हिसा आला म्हणून शून्यापासून सुरू होत नाही. शिवाय कोणत्या व्हिसासाठी अर्ज केलाय त्यावर कामाची परवानगी ठरते. ब्रिजिंग व्हिसाचं पत्र येताच त्यातल्या अटी वाचल्याशिवाय पुढची शिफ्ट करू नका.

तिसरी घड्याळाची. ऑनलाइन अर्जाची वेळ कॅनबेराच्या घड्याळाने धरतात. पर्थमध्ये रात्री साडेदहाला ‘सबमिट’ दाबलं तर कॅनबेरात दुसरा दिवस उजाडलेला असतो. त्यात भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बंद असला की पैसे भरणंही अडतं, आणि शुल्क भरल्याशिवाय अर्ज झाला असं धरत नाहीत.

लवकर अर्ज करण्याचं याहून मोठं कारण ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर कायद्याचं कलम ४८ आहे. देशात असताना अर्ज नामंजूर झाला आणि त्या वेळी मूळ व्हिसाही संपलेला असला, तर तिथूनच दुसरा अर्ज करण्याची वाट जवळजवळ बंद होते. नकार मूळ व्हिसा चालू असताना आला, तर तो संपायच्या आत चूक सुधारून पुन्हा अर्ज करायला जागा उरते.

दुसरं वर्ष: सगळ्यात सरळ वाट

दुसऱ्या ४६२ ला सोडत नाही. अर्जाच्या दिवशी वय १८ ते ३० मध्ये हवं, म्हणजे ३१ वा वाढदिवस झालेला नको, आणि पहिल्या वर्षात ठरावीक क्षेत्रात तीन महिने पगारी काम केलेलं हवं. दुसऱ्या वर्षात असं सहा महिने काम केलं तर तिसराही मिळू शकतो. पहिला व्हिसा चालू असताना दुसरा मंजूर झाला तरी उरलेले दिवस वाया जात नाहीत, नवीन वर्ष पहिल्याच्या शेवटाला जोडलं जातं.

‘ठरावीक काम’ यावर मात्र बरेच अर्ज आपटतात. फळबाग, भाजीपाला, पशुपालन, मासेमारी, वृक्षलागवड, बांधकाम ही कामं नेमलेल्या भागांत केली तर चालतात. हॉटेल आणि पर्यटनाचं काम उत्तर ऑस्ट्रेलियात किंवा दुर्गम भागात चालतं. उत्तर म्हणजे सगळी नॉर्दर्न टेरिटरी, तसंच क्वीन्सलंड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा मकरवृत्ताच्या वरचा भाग. केर्न्सच्या हॉटेलात भांडी घासलीत तर दिवस धरतात. तेच काम सिडनीत केलंत तर एकही दिवस धरत नाहीत.

पुरावा पोस्टकोडवर तपासतात, तोही प्रत्यक्ष कामाच्या जागेच्या. पगारपत्रकावर बऱ्याचदा कंपनीच्या शहरातल्या मुख्य कार्यालयाचा पत्ता छापलेला असतो. म्हणून काम सोडण्याआधीच मालकाकडून साधं पत्र घ्या: शेताचा किंवा हॉटेलचा पत्ता, पोस्टकोड, कामाचं स्वरूप, पहिला आणि शेवटचा दिवस. त्याला पगारपत्रकं आणि बँक खातेउतारे जोडा. हंगाम संपल्यावर मुकादम फोन उचलेलच असं नाही. राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं बिनपगारी काम मोजलं जात नाही. आठवड्यात दोन-दोन तासांच्या तीन पाळ्या केल्या म्हणून पूर्ण आठवडाही भरत नाही. त्या धंद्यात पूर्णवेळ म्हणून जेवढं काम चालतं तेवढं केलेलं असावं लागतं.

स्टुडंट व्हिसा

४६२ वर असताना देशातूनच स्टुडंट व्हिसाचा (५००) अर्ज करता येतो. इथे एक सापळा आहे. १ जुलै २०२४ पासून व्हिजिटर व्हिसावर असलेल्याला तिथून हा अर्ज करता येत नाही. म्हणजे ‘आधी तीन महिने व्हिजिटर घेऊ, मग कोर्सचं बघू’ असं केलंत की घरी परत जाऊनच अर्ज करावा लागतो. क्रम चुकला की सगळं चुकलं.

लागतं काय? कॉलेजचं प्रवेशनिश्चितीचं प्रमाणपत्र अर्जाबरोबरच, कारण १ जानेवारी २०२५ पासून देशातल्या अर्जाला नुसतं ऑफर लेटर चालत नाही. ओव्हरसीज स्टुडंट हेल्थ कव्हर हा विमा. शिक्षण आणि प्रवासखर्चाशिवाय वर्षाच्या राहण्यापुरते २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर. अर्जाचं शुल्क जुलै २०२५ पासून २,००० डॉलर, आणि नकार आला तर ते परत मिळत नाही. ‘हाच कोर्स का’ या धाटणीच्या प्रश्नांना प्रत्येकी १५० शब्दांत उत्तर द्यावं लागतं. इंजिनिअरिंगची पदवी असलेल्याने स्वस्तातला कुठला तरी डिप्लोमा निवडला की अधिकाऱ्याला त्यात शिक्षण दिसत नाही, राहण्याचं निमित्त दिसतं. आणि वर्गाच्या दिवसांत पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं.

शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा मराठी कागद असेल तर भाषांतर लागतं. ते ऑस्ट्रेलियात केलं तर ‘नाटी’ या भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या तिथल्या संस्थेने मान्य केलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

मालकाचा पाठिंबा

स्किल्स इन डिमांड व्हिसासाठी (४८२) तुमचा व्यवसाय सरकारच्या यादीत असावा लागतो. त्याच कामाचा निदान एका वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आणि त्यातल्या ‘कोअर स्किल्स’ या मुख्य प्रकारात पगाराची किमान मर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ७६,५१५ डॉलर झाली आहे. मालकाने सरकारला भरायची प्रशिक्षण-लेव्ही (एक आकार) तुमच्याकडून वसूल करता येत नाही. स्पॉन्सरशिपसाठी कुणी पैसे मागितले तर तो गुन्हा आहे, आणि देणाराही त्यात अडकतो. सल्लागार घेतलात तर त्याचा सात आकडी नोंदणी क्रमांक सरकारी यादीत तपासा, मगच पैसे द्या.

तारीख उलटून गेलीच तर

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बेकायदा ठरता. २८ दिवस ही इथली महत्त्वाची रेघ. त्याहून जास्त राहून मग देश सोडलात तर बऱ्याच तात्पुरत्या व्हिसांवर तीन वर्षांची बंदी येऊ शकते. म्हणून लपून बसू नका. गृहखात्याशी स्वतःहून संपर्क साधा आणि निघण्याची तयारी करण्यासाठी २८ दिवसांच्या आत ब्रिजिंग व्हिसा ई मागा. विमानाचं तिकीट आधीच काढलेलं असेल तर ते अर्जाला जोडा.