टेनिसच्या समालोचनात केव्हा थांबावे
क्रिकेटच्या धावत्या समालोचनावर कान पोसलेला माणूस टेनिसच्या सामन्यासाठी माइकसमोर बसला की हमखास एक चूक करतो, ती म्हणजे बोलत राहण्याची. दूरचित्रवाणीवर खेळाडू सर्व्हिसपूर्वी चेंडू आपटू लागण्याच्या आत समालोचकाचे वाक्य संपलेले असावे आणि गुणाचा निकाल लागेपर्यंत त्याने तोंड उघडू नये. १९५१ ते १९९१ या काळात बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर विम्बल्डनचे समालोचन करणारे डॅन मॅस्केल मूळचे टेनिस प्रशिक्षक होते, तरीही त्यांचा लौकिक झाला तो मोजक्या बोलण्यामुळे.

दोन गुणांमध्ये नियमाने २५ सेकंद मिळतात. त्यांतले बरेचसे टाळ्यांत आणि पंचांनी गुण पुकारण्यात जात असल्याने उरलेल्या वेळात एकच मुद्दा मांडावा, आणि तोही काय घडले याचा नव्हे, तर का घडले याचा. २००८ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात, चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये (सेट ६-६ असा बरोबरीत आला की तो निकाली काढणाऱ्या खेळात), नदाल ८-७ असा पुढे, म्हणजे विजेतेपदापासून एका गुणावर होता. तेव्हा फेडररने बॅकहँडचा पासिंग शॉट, म्हणजे नेटकडे आलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने निघून जाणारा फटका, रेषेलगत मारला. अशा वेळी ‘बॅकहँड, रेषेलगत’ हे सांगण्यात काय हशील? ते सगळ्यांनी पाहिलेलेच असते. एखादा उद्गार काढून गप्प बसावे, गलका ओसरू द्यावा आणि मगच नेटकडे आलेल्या नदालची कोणती बाजू उघडी पडली होती ते दाखवावे.

रेडिओवर मात्र सारेच उलटे. तिथे सर्व्हिस कोणाची, चेंडू तिरपा गेला की सरळ, नेटजवळ कोण आहे, हे ऐकणाऱ्याला सांगावेच लागते आणि सर्व्हिस करणाऱ्याचे गुण आधी घेऊन गुणसंख्या पुन्हापुन्हा उच्चारावी लागते.

खेळाडूंची नावे आदल्या दिवशीच देवनागरीत लिहून काढावीत. पोलंडच्या इगाचे आडनाव रोमन अक्षरांवरून ‘स्वियातेक’ वाटते, पण उच्चार ‘श्फ्यॉन्तेक’च्या जवळ जातो, आणि आपल्या लिपीत तो बराचसा नेमका उतरवता येतो.

सरावासाठी जुन्या सामन्याचा एक सेट आवाज बंद करून लावावा आणि स्वतःचे समालोचन ध्वनिमुद्रित करावे. नंतर ते चित्रासह ऐकताना, खेळाडूने सर्व्हिससाठी चेंडू वर फेकलेला असतानाही आपण बोलत होतो अशा प्रत्येक जागी कागदावर खूण करावी. पहिल्या खेपेस पान भरून जाते.