जागेपणीची मेंदूशस्त्रक्रिया आणि शिरेत शिरलेली हवा: या चुका टाळा

कवटीचं हाड नुकतंच उचललंय, पेशंट चित्रं पाहून कोकणीत 'माजर' (मांजर), 'नाल्ल' (नारळ) अशी नावं सांगतोय आणि मध्येच खोकतो. लाळ अडकली असेल म्हणून प्रोपोफॉल किंवा फेंटानिल ही गुंगीची औषधं वाढवणं, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. जागेपणीच्या क्रेनियोटॉमीत, म्हणजे कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत, एअर एम्बोलिझमची (शिरेत हवा शिरण्याची) पहिली खूण पुष्कळदा खोकलाच असतो. 'खोंकली येता' (खोकला येतोय), 'उस्वास घेवंक जायना' (श्वास घेता येत नाही) हे ऐकताक्षणी कळेल असं कोकणी जाणणारं माणूस गोव्यात तरी पेशंटच्या तोंडाशी बसवायलाच हवं.

गुंगी वाढली की जीभ मागे पडते, घोरणं सुरू होतं. अडलेल्या वाटेतून श्वास ओढताना छातीतला दाब आणखी उतरतो आणि हाडातल्या उघड्या शिरांतून हवा आत खेचली जाते. 'दीर्घ श्वास घ्या' हा प्रेमळ सल्लाही तेच करतो. अवघ्या 5 सेंमी पाण्याच्या दाबफरकाला 14 गेजच्या जाड सुईतून सेकंदाला सुमारे 100 मिली हवा जाऊ शकते. मोठ्या माणसाच्या जिवावर बेतायला 200 ते 300 मिली पुरते.

दुसरी चूक मॉनिटरवर विसंबण्याची. नाकातल्या नळीवरचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा तसाही कच्चा. तो एकदम घसरला तर दखल घ्या, पण घसरला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, उशिरा पडतं. छातीवरचा डॉपलर (हृदयातल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) उरोस्थीच्या उजव्या कडेला, तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या फटीत लावा आणि शिरेतून 10 मिली सलाइन झपकन सोडून आवाज बदलतो का, ते आधीच ऐकून ठेवा.

शंका आली की खात्रीची वाट न पाहता सर्जनला मोठ्याने सांगा: जखम सलाइनने भरा, ओला गॉज ठेवा, हाडाच्या कडांना बोन वॅक्स (हाडातली छिद्रं बुजवणारं मेण) लावा. त्याच वेळी गुंगीचं औषध बंद, मास्कने 100% ऑक्सिजन, टेबल डोक्याकडून खाली. मानेतल्या जुग्युलर शिरा हलक्या दाबता येतात, कॅरोटिड धमनी मात्र नाही. रक्तदाब पडला तर 250 ते 500 मिली फ्लुइड आणि रक्तदाब वाढवणारं नॉरॲड्रेनलिन. सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) असेल तर तिच्यातून हवा ओढून पाहा. नसेल तर आता घालत बसू नका. पेशंटला डाव्या कुशीवर वळवणं पुस्तकात ठीक आहे, पण डोकं मेफिल्डच्या (डोकं पक्कं धरणाऱ्या चौकटीच्या) पिनांत जखडलेलं असताना धड वळवलं तर मान पिळते.

नंतर बोलणं अडखळलं किंवा हात लुळा पडला, तर दोष लगेच सर्जनच्या सुरीला देऊ नका. हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं छिद्र उघडं राहिलेलं असेल, तर हवा त्यातून मेंदूच्या धमनीपर्यंत जाऊ शकते.